प्लग नवे, तरी गाडी झटके देतेय

बाबांची गाडी २००१ सालची, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडरची. रविवारी नाशिकला म्हसरूळच्या घरी अंगणात मी तिन्ही स्पार्क प्लग (सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीने पेटवणारे) बदलले आणि पाथर्डी फाट्याकडे निघालो. द्वारका येईपर्यंत गाडी झटके द्यायला लागली. पुढच्या चढावर तर तिच्यात दमच उरला नाही.

आई म्हणाली, "नवीन प्लगच खराब असतील." मला पटेना. सकाळपर्यंत जुन्या प्लगांवर इंजिन नीट चालत होतं, म्हणजे बिघाड त्या तासाभरातला, माझ्याच हातचा.

घरी येऊन इंजिन बंद केलं, एक प्लगवायर (प्लगला वीज पोचवणारी तार) काढून तिचं टोक जुन्या प्लगला लावलं, प्लग इंजिनच्या धातूला टेकवला आणि मग चालू करून ऐकलं. असं तिन्हींचं केलं. पहिल्या आणि तिसऱ्या वायरीला इंजिन लगेच अडखळलं. दुसऱ्या वायरीला काहीच फरक नाही! म्हणजे तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता; बिघडलेला सिलिंडर सापडला. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्लग आपसात बदलले. बिघाड दुसऱ्यातच राहिला, म्हणजे प्लग निर्दोष.

रात्री अंगणातला दिवा घालवून बॉनेट उघडलं. दुसऱ्या वायरीच्या रबरी टोपीतून बारीक निळी ठिणगी इंजिनवर उडत होती. इतकी स्पष्ट, की मी बाबांना हाक मारून दाखवली. वर्षानुवर्षं तापून कडक झालेली टोपी. ती धरून हलकेच फिरवायच्या ऐवजी मी वायर ओढली होती, तिथेच ती चिरली.

सोमवारी तिन्ही वायरी नव्या टाकल्या. संध्याकाळी बाबा स्वतः गंगापूर धरणापर्यंत चालवत गेले.