दोन निळ्या रेषा

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेला या मानवी पेशींमधलं आरपीएस१९ हे प्रथिन मी कमी करून पाहत होते. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र; त्याच्या दोन उपघटकांपैकी लहान उपघटकात हे प्रथिन असतं. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमियात तान्ह्या बाळाच्या शरीरात लाल पेशी पुरेशा बनत नाहीत. त्या आजारामागचा पहिला दोष १९९९ साली याच प्रथिनाच्या जनुकात सापडला होता.

आरएनए जेलवरून मेंब्रेनवर उतरवला आणि मिथिलीन ब्लूने रंगवला. वर २८एस (मोठ्या उपघटकाचा आरएनए), खाली १८एस (लहान उपघटकाचा), दोन ठसठशीत निळ्या रेषा. चारही लेनमध्ये (नमुन्यांच्या पट्ट्यांत) जवळपास सारख्याच. सर म्हणाले, "परिणाम काहीच दिसत नाही गं." मी घरी जाऊन जेवलेही नाही. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन मोजण्याच्या चाचणीत प्रथिन निम्म्याच्या खाली गेलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

रात्री लक्षात आलं, आपण कणगी बघतोय. ती भरलेली असली की यंदाचं पीक बुडालंय हे लगेच कळत नाही. तयार रायबोसोम पेशीत कित्येक दिवस टिकतात. नवीन १८एस मात्र सुटा जन्मत नाही. न्यूक्लिओलसमध्ये, म्हणजे केंद्रकातल्या रायबोसोम घडण्याच्या जागी, आधी सुमारे १३,००० अक्षरांची ४७एसची सलग साखळी बनते. १८एस, ५.८एस आणि २८एस तिच्यातच ओवलेले असतात, मधले आणि टोकांचे तुकडे कापून टाकावे लागतात. पाहायचं होतं ते हे अर्धवट कापलेलं.

म्हणून कापून टाकायच्या तुकड्यांपैकी आयटीएस१च्या सुरुवातीला चिकटणारा प्रोब (शोधक तुकडा) घेतला. आयटीएस१ १८एसला लागूनच असतो आणि तयार आरएनएत उरत नाही. किरणोत्सारी फॉस्फरस-३२ लावलेला प्रोब, ॲक्रिलिकच्या जाड ढालीआड हात घालून, श्वास रोखून ओतला.

स्क्रीन स्कॅन केली त्या सकाळी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. कंट्रोलमध्ये, म्हणजे प्रथिन कमी न केलेल्या पेशींत, साखळी कापत जाण्याचे एकेक टप्पे: वर ४७एस-४५एस, मग ३०एस, पुसट २१एस, तळाशी १८एसच्या आधीचा शेवटचा टप्पा १८एस-ई. शेजारच्या नॉकडाउनच्या (प्रथिन कमी केलेल्या) लेनमध्ये २१एस काजळाचं बोट ओढल्यासारखा काळाभोर, आणि १८एस-ई जवळजवळ नाहीसा! २१एसचं शेपूट तासून १८एस-ई करण्याचं काम नेमकं तिथेच अडलं होतं. १८एस-ई तयार होऊन केंद्रकाबाहेर गेला, तरच तिथे नॉब१ हे कापणारं प्रथिन शेवटचा काप घेणार. इथे बाहेर जायला फारसं काही उरलंच नव्हतं.

सर आले, पडद्यावर वाकून बराच वेळ पाहत राहिले. "दुसरी बाजू?" एवढंच विचारलं.

मेंब्रेन उकळत्या एसडीएसने (साबणासारख्या द्रव्याने) धुतली, ५.८एस आणि २८एसच्या मधल्या आयटीएस२चा प्रोब लावला. त्या बाजूचे टप्पे, ३२एस आणि १२एस, चारही लेनमध्ये सारखे आले. मोठ्या उपघटकाची वाट मोकळीच होती.