औट

औट म्हणजे साडेतीन. वर्तमानपत्रांत ‘औटघटकेचे मंत्रिपद’ अधूनमधून वाचायला मिळते आणि तरुण मंडळी त्याचा संबंध खुशाल क्रिकेटच्या ‘आउट’शी जोडतात, मंत्री लवकर तंबूत परतत असल्यामुळे तो अर्थ बसतोही. घटका 24 मिनिटांची, तेव्हा हिशेबाने पाहिले तर हे राज्य चोख 84 मिनिटांचे.

या शब्दाचे मूळ ‘अर्धचतुर्थ’. प्राकृतात त्याचा ‘अद्धुट्ठ’ झाला आणि मराठीत येईपर्यंत झिजत झिजत औट उरले. तीन पुरे झाले, चौथ्यातला अर्धा हाती आला, म्हणून ‘अर्धा चौथा’. जे तीन पदरात पडले त्यांचा उच्चारसुद्धा नाही, अशी ही मोजण्याची मोठी मजेदार रीत आहे. अडीच हा तसाच ‘अर्धतृतीय’. अशोकाच्या रूपनाथ येथील शिलालेखात तो ‘अढतियानि’ या रूपात भेटतो. पन्नासाच्या डॅनिश शब्दाच्या पोटातही ‘अर्धा तिसरा गुणिले वीस’ हाच हिशेब आहे.

आमच्या इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांपाठोपाठ औटकीही घोकून घेतली जाई. हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे तिचेच नाव हूँठा. सीतलामाता बाजारात एका वृद्ध दुकानदाराकडून एकशे चाळीस रुपये मीटरचे साडेतीन मीटर कापड घेतले, तेव्हा त्याचा मुलगा कॅल्क्युलेटर शोधत होता, तोवर म्हाताऱ्याने कात्री न थांबवता ‘चार सौ नब्बे’ सांगून टाकले. चौदा औटे एकोणपन्नास, त्यावर एक शून्य. मी कौतुकाने पाहिले, तर म्हणाला, “हूँठे का पहाड़ा है, और क्या!”

मग दीड आणि अडीच टिकले आणि औटच का मागे पडले? मला वाटते, रोजच्या देवघेवीत दीड-अडीच इतके घासले जातात, की ‘सार्ध’पासून आलेल्या ‘साडे’ला तिथे शिरकावच मिळाला नाही, ‘साडेदोन’ म्हणणाऱ्या पोराला आजही घरचे हसतात. तिनापासून पुढे मात्र साडेतीन, साडेचार, साडेपाच अशी सरळ वाट असल्यामुळे एका आकड्यासाठी वेगळा शब्द सांभाळण्याची कोणाला गरज वाटली नाही. खरे तर साडेतीन हा मराठी माणसाचा लाडका आकडा: मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, देहही साडेतीन हातांचा. संतवाङ्मयात त्या देहाला ‘औट हात’ म्हटलेले आढळते. मुहूर्तांना मात्र ‘औट मुहूर्त’ म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही.