मंडई, तेव्हाची आणि आताची

प्रदर्शनासाठी आज माळ्यावरचा जुना पोर्टफोलिओ खाली काढला. कॉलेजात असताना केलेली पुण्याच्या मंडईची जलरंगचित्रं निघाली. कागद पिवळा पडलाय, पण १८८६च्या त्या इमारतीच्या अष्टकोनी मनोऱ्यावरचा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) अजून तस्साच! मातीचे रंग टिकतात. भाजीवालीच्या साडीतला गडद लाल अलिझरिन क्रिमसन मात्र पार उडालाय; उरलीय फिकट गुलाबी छटा. खरं सांगायचं तर आता ती जास्त आवडतेय.

मंडईचं नवीन चित्र पहिल्या फोटोत. बायकोचं मत : "जुनीच बरी होती." (अस्सल पुणेरी कौतुक.)

पुढच्या महिन्यात बालगंधर्वच्या कलादालनात दोन्ही शेजारी-शेजारी लावतोय. तारखा पक्क्या झाल्या की टाकतोच. दुपारी एक ते चारमध्येही या, मी जागा असेन!