फडताळातील बरणी
आज दुपारी गावाकडच्या धाब्याच्या घरातले फडताळ उघडले आणि 2019 च्या दिवाळीत भरून ठेवलेली पाइपच्या तंबाखूची काचेची बरणी बाहेर काढली. झाकणाची रबरी कडा घट्ट चिकटली होती. ती सुटताच सुक्या अंजिराच्या जवळ जाणारा, किंचित आंबूस वास आला. भरताना हीच व्हर्जिनिया जातीची तंबाखू पिवळसर होती आणि तिला वाळल्या गवताचा वास होता, आता ती गडद तपकिरी झाली आहे. या पानात साखर मुळातच जास्त असल्यामुळे ते वर्षानुवर्षे मुरत जाते; बर्ली या दुसऱ्या जातीत साखर फारच कमी, तर धुरावलेल्या लटाकिया तंबाखूचा उग्रपणा काळाबरोबर उतरतो, म्हणून त्या फार काळ ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

जळगावच्या घरी मात्र मी मूर्खपणा केला. पत्र्याखालच्या माळ्यावर पिशवीतच राहिलेली तंबाखू आपल्याकडच्या 45 अंशांच्या मे महिन्यात इतकी वाळली, की चिमटीत धरताच तिचा भुगा झाला. ती पुन्हा ओलसर करता येते, पण उडालेला वास परत येत नाही. आणि ओल जास्त झाली की बुरशी धरते. बरणी लोणच्याची तर नकोच, कारण हिंग-मेथीचा वास झाकणाच्या रबरातून जात नाही. (हेही अनुभवानेच कळले.)

आईने बरणी हुंगून विचारले, “कैरी मुरते हे ठाऊक आहे, पण हे कसले रे लोणचे?” उरलेली तंबाखू मी लहान बरणीत दाबून भरली आणि वर तारखेची चिठ्ठी डकवली.