पानावर पान लिहिलेली आईची पत्रं

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडातल्या आईचं मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला आलेलं पत्र उघडलं की कधी कधी नुसती जाळीच दिसते. पान भरलं की कागद काटकोनात फिरवून त्याच मजकुरावर पुन्हा लिहायची पद्धत होती. १८४० पासून इंग्लंडात अर्ध्या औंसाला एक पेनी पुरे, पण परदेशी टपाल महाग आणि वजनावर, म्हणून ही काटकसर.

असं पत्र वाचायचं तर त्याचा फोटो काढा, आधी एकच थर सलग उतरवा, मगच फोटो फिरवा. दोन्ही थर एकदम वाचले की शब्द हमखास सरमिसळतात. सही सापडत नाही? पहिल्या पानाच्या माथ्यावर, मायन्याच्या वर बघा. जिव्हाळ्याचं बरंचसं तिथेच कोंबलेलं असतं. नुसताच वार लिहिलाय? पाकिटावरचा शिक्का तारीख सांगतो. काळी किनार म्हणजे सुतक. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी मात्र कधीच लावू नका.