वाघोलीत मंडळी सुरू करताना: एका संमतीपत्राचे सात महिने

नवी मंडळी (चर्च) सुरू करायची म्हणजे काय काय लागतं, असं विचारणारे फोन मला हल्ली येतात. न्यासपत्र (ट्रस्ट डीड), पॅन, बँक यांना मी घाबरत होते, पण ती कामं सरळ झाली. आमचे सात महिने खाल्ले ते जागामालकाच्या संमतीपत्राने. एका पानाचा कागद! त्याचा विषय निघाला की मला अजून राग येतो.

आम्ही बहुतेक नगर जिल्ह्यातली घरं. पणजोबांपासून ख्रिस्ती, नोकरीसाठी पुण्यात आलेलो. वाघोलीत फ्लॅट परवडले म्हणून इथे राहिलो, पण रविवारची उपासना कॅम्पातल्या जुन्या मंडळीत. नऊच्या उपासनेसाठी साडेसातला घर सोडायचं आणि खराडी बायपासला अडकलं की पहिलं गीत चुकलंच म्हणून समजायचं. सासूबाईंचे गुडघे गेल्यावर त्यांचं चर्चला जाणं थांबलं. रविवारी सकाळी त्या पांढरी साडी नेसून, बायबल मांडीवर घेऊन खिडकीत बसायच्या. ते मला बघवेना. म्हणून बुधवारी आमच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा सुरू केली. वर्षभरात अकरा घरं जमली, चपला जिन्यापर्यंत गेल्या आणि सोसायटीचं पत्र आलं. पत्र रास्त होतं. तिसऱ्या मजल्यावर दर आठवड्याला चाळीस माणसं चढउतार करणार म्हटल्यावर शेजाऱ्यांना त्रास होणारच.

तर जागा हवी आणि ट्रस्टही हवा. तुम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) सारख्या मोठ्या संस्थेखाली मंडळी काढणार असाल तर बहुधा स्वतंत्र ट्रस्टची गरज नाही, तुमचा रस्ता बिशपांच्या परवानगीपासून सुरू होतो. आमच्यात सी.एन.आय., मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा सगळ्याच पंथांची माणसं होती. म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०खाली नोंदणी करायचं ठरलं. न्यासपत्रात तीन संध्याकाळी गेल्या त्या बाप्तिस्म्यावर, लेकरांचा की मोठेपणीचा यावर. शेवटी १९७० साली नागपुरात सहा पंथ एक होऊन सी.एन.आय. झाली तेव्हा त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या होत्या, तसंच आम्हीही लिहिलं. त्या तीन संध्याकाळी वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. पुढचे वाद तिथेच मिटले.

अर्जाला ट्रस्टचा पत्ता लागतो. पत्त्यासाठी त्या जागेचं लाईट बिल आणि मालकाचं संमतीपत्र. आमच्या फ्लॅटचा पत्ता द्यावा म्हटलं, तर सोसायटीने आधीच हात जोडले होते आणि आम्हाला रोजच्या शेजाऱ्यांशी भांडायचं नव्हतं. बाहेर भाड्याने हॉल बघायला गेलो की मालक म्हणायचे, "आधी नोंदणी दाखवा." नोंदणी पत्त्याशिवाय नाही, पत्ता मालकाशिवाय नाही, मालक नोंदणीशिवाय नाही. या चक्रात आम्ही पावसाळा काढला.

पहिला हॉल एका क्लासचा. तिथे आमचीच चूक झाली. आमच्यातल्या एका भावांनी मालकांना "प्रार्थनेचा वर्ग" एवढंच सांगितलं, चर्च हा शब्द काढलाच नाही. टोकन दिलं, खुर्च्याही मोजून आलो. संमतीपत्राच्या मसुद्यात "ख्रिस्ती उपासना" वाचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः घरी आले, टोकनचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, आधी सांगायला काय हरकत होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की पहिल्या वाक्यातच चर्च म्हणायचं. त्यानंतर दोन ठिकाणी तोंडावर नकार मिळाला. एका ठिकाणी तर धर्मांतराची चौकशी अशी केली की जणू आम्ही गुन्हा करून आलोय. माझे वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते, अख्खं गाव त्यांच्या हाताखाली शिकलं. ती चौकशी ऐकून घेताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द बदलला नाही.

आणि तोच शब्द ऐकून एका हार्डवेअरवाल्या दादांनी वरचा हॉल दाखवला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, "किती वाजता?" आणि "भोंगा लावणार का?" साडेनऊ ते साडेअकरा, आणि भोंगा नाही, पेटी-तबला आणि एक छोटा स्पीकर. दादा म्हणाले, "मग हरकत काय?"

मला वाटलं, झालं. पण लाईट बिल निघालं दादांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. घरपट्टीचा कागद ग्रामपंचायतीच्या वेळचा, त्यावरही वडीलच. वाघोली २०२१मध्ये महापालिकेत गेली, पण खूप घरांचे कागद अजून जुन्या नावांवरच फिरतात. आमच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. दोन भाऊ, दोन बहिणी. तीन सह्या एका आठवड्यात झाल्या. चौथी शिरूरच्या ताईंची, तिला अडीच महिने लागले. आज पाहुणे, उद्या कांदा काढणी, परवा फोन बंद. दादा म्हणायचे, "करेल हो ती." मी आतल्या आत जळत होते.

शेवटी मी आणि आमच्या स्त्रिया मंडळातल्या एक काकू एसटीने शिरूरला गेलो. ताई भाकरी थापत होत्या. पीठाचे हात तसेच ठेवून त्यांनी कागद लांबूनच बघितला आणि विचारलं, "यावर सही केली की माहेरच्या जागेतलं माझं नाव जातं ना?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या जावेकडून अशीच "साधी सही" म्हणून हक्कसोडपत्र करून घेतलेलं होतं. अडीच महिने त्यांना ही भीती होती आणि आम्हाला कुणालाच विचारायचं सुचलं नाही. मी चुलीशेजारी बसून कागद ओळ न ओळ वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मग तसं लिहा ना." वकिलांना तिथूनच फोन लावला आणि वाक्य घातलं: या संमतीने कोणाही वारसाचा मालकी हक्क बाधित होत नाही. शिरूरमध्येच टाईप करून आणलं. ताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि सही केली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाकीच्या तिघांनी नव्या कागदावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा सह्या केल्या.

हे वाक्य तुमच्या मसुद्यात पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि जागा ठरवताना भाडं नंतर विचारा, लाईट बिल आधी बघा.

पुढचं भराभर झालं. अर्ज, चौकशीची तारीख, प्रमाणपत्र. पॅन काढताना ट्रस्टच्या नावाचं स्पेलिंग प्रमाणपत्रावरून अक्षर न अक्षर उतरवा, बँक तेच बघते. देणगीदार देणगीवरची आयकर सवलत (ऐंशी-जी) विचारतील. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ती सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून टाका. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो न दिल्याने जुन्या मंडळ्यांत वर्षानुवर्षं भांडणं चाललेली मी पाहिली आहेत. एका घरातले दोघे विश्वस्त घेऊ नका, नवराबायको तर नाहीच. मी म्हणूनच विश्वस्त नाही.

एक राहिलंच, खरं तर हे सगळ्यात आधी करायचं. आम्ही जुन्या मंडळीच्या पाळकसाहेबांना पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटलो होतो. माणसं फोडून नेली असा बोल आम्हाला नको होता. त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली आणि निघताना प्रभुभोजनाचे चोवीस पेले बांधून दिले. सात महिने ते माझ्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते.

ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी ते काढले. हार्डवेअरच्या दुकानावरचा जिना सोळा पायऱ्यांचा आहे. सासूबाईंना दोघा तरुणांनी खुर्चीत बसवून वर आणलं आणि पहिलं गीत सुरू व्हायच्या आधी त्या जागेवर होत्या.

करार अकरा महिन्यांचा आहे. अकरा महिन्यांचाही रीतसर नोंदवावा लागतो, तेवढं विसरू नका. ऑक्टोबरात नूतनीकरण. ताईंना मी आत्ताच फोन करून ठेवलाय.