सोनं, कापूस आणि ग्रेटल

एम.ए.ला असताना आमच्याकडे इकॉनोमेट्रिक्सचं, म्हणजे अर्थशास्त्रातले आकडे तपासायचं सॉफ्टवेअर म्हणजे कोणाच्या तरी पेनड्राईव्हवरून आलेलं क्रॅक व्हर्जन. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री ते उघडेचना, रडायला आलं होतं, आणि तेव्हाच ठरवलं की जे चोरून वापरावं लागतं त्याच्या भरवशावर अभ्यास करायचा नाही.

मग ग्रेटल नावाचं सॉफ्टवेअर सापडलं. फुकट तर आहेच पण त्याचा कोडही सगळ्यांसाठी उघडा आहे. अमेरिकेतले ॲलिन कॉट्रेल आणि इटलीतले रिकार्डो लुकेटी या दोन प्राध्यापकांनी ते वाढवलं, आणि त्याचं मूळ आहे कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन दिएगो कॅम्पसमधले रामू रामनाथन यांच्या प्रोग्रॅममध्ये. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही ते पटकन चालू होतं, इन्स्टॉल झालं की नेट लागत नाही, लाईट गेली तरी बॅटरीवर काम चालू. आर (R) ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा पण फुकटच आहे आणि त्याची ताकद मोठी, पण ज्या पोराने कधी कोड लिहिला नाही त्याने ग्रेटलच्या मेनूपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कापसाचं सांगतो. आपल्याकडे २०२२ मध्ये भाव दहा हजारांच्या वर गेला होता, ते लक्षात ठेवून पुढच्या वर्षी कितीतरी जणांनी कापूस घरात भरून ठेवला, अंगाला खाज सुटली तरी विकला नाही. आमच्या काकांचीही एक खोली छतापर्यंत भरलेली. ते रोज विचारायचे, "काय भो, तुनं कॉम्प्युटर काय सांगस, कापूस आते इकू का थांबू?" आणि त्यांची पक्की समजूत की जळगावात सोनं चढलं की कापूसही चढतो.

म्हटलं बघू. बाजार समितीचे महिन्याचे भाव एक्सेलमध्ये भरले, शेजारी सोन्याचे भरले. पहिल्यांदा चूक झाली, ज्या महिन्यांत आवकच नव्हती तिथे मी शून्य टाकलं होतं, म्हणजे हिशोबात कापूस शून्य रुपये क्विंटल! ते खाने रिकामे ठेवायचे असतात. मग ग्रेटलमध्ये फाईल घेतली, डेटा मंथली टाइम सिरीज, म्हणजे महिन्यांच्या क्रमाने लावलेले आकडे आहे असं सांगितलं, आणि 'ओएलएस कापूस कॉन्स्ट सोनं' अशी एका ओळीची कमांड दिली, म्हणजे सोन्याच्या भावावरून कापसाचा भाव किती सांगता येतो ते बघायचं, यालाच रिग्रेशन म्हणतात (कॉन्स्ट म्हणजे समीकरणातला स्थिर आकडा). आर-स्क्वेअर, म्हणजे कापसाच्या चढउताराचा किती भाग सोन्यावरून समजतो तो आकडा, मस्त, सोन्यासमोर तीन स्टार, म्हणजे नातं पक्कं असल्याची खूण, काका खरे ठरले असंच वाटलं. पण खाली डर्बिन-वॉटसनचा आकडा होता, एका महिन्याची चूक पुढच्या महिन्याच्या चुकीला चिकटलेली आहे का ते सांगणारा, तो दोनच्या आसपास असायला पाहिजे तर इथे शून्याकडे झुकलेला, आर-स्क्वेअरपेक्षाही लहान.

खोट्या नात्याची हीच ती खूण. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलंय की वर-वर भटकत जाणाऱ्या दोन सिरीज, एकमेकींशी काही घेणं नसलं तरी, रिग्रेशनमध्ये घट्ट नातं दाखवतात. हे ग्रेंजर पुढे सॅन दिएगोलाच शिकवायला गेले, रामनाथन होते तिथेच, आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग मी युनिट रूटची टेस्ट घेतली, म्हणजे सिरीज अशी भटकणारी आहे का ते तपासलं, दोन्ही सिरीजचे डिफरन्स काढले, म्हणजे या महिन्याचा भाव वजा मागच्या महिन्याचा, आणि परत तेच रिग्रेशन. स्टार गायब. सोनं या महिन्यात किती चढलं यावरून कापसाचं काहीच कळत नव्हतं.

आणि हे सगळं ग्रेटलच्या कमांड लॉगमध्ये, म्हणजे दिलेल्या कमांडच्या नोंदीत, ओळीनं उतरलेलं असतं, ती छोटी फाईल मी गाईड मॅडमना पाठवली, त्यांनी घरी चालवून बघितली आणि शून्यांची अजून एक जागा राहिली होती ती त्यांनीच पकडली. क्रॅकवाल्या काळात नुसते टेबल चिकटवायचो, तपासणार कोण आणि कशावर?

काकांना ओसरीत बसून दोन्ही ग्राफ दाखवले. बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी जिनिंगवाल्याला फोन करून अर्धी खोली रिकामी केली, अर्धी अजून तशीच आहे, आणि आता ते विचारतात की सोन्याच्या जागी सरकीचा भाव टाकून बघशील का. टाकतोय.